गुण चार

हिद्दच्या सुक्या गोदीत पहाटे पंपांनी पाणी उपसलं
आणि ते राखाडी जहाज हळूहळू उघडं पडलं,
आजाऱ्याच्या अंगावरचं पांघरूण काढावं तसं.
डाव्या कुशीला, पाणरेषेच्या वीतभर वर
भोक.
मी टेप लावली. नऊ फूट चार इंच.
कडा आत वळलेल्या,
करपलेल्या घावनासारख्या.

आमच्या पाळीत चौदा माणसं, सहा देश.
कुणी काही बोललं नाही.
फक्त मोफिजुलनं चहात साखर जास्त घातली,
आणि जरगुल, जो कधीच गात नाही,
ग्राइंडरच्या आवाजाखाली काहीतरी गुणगुणत होता.
फाटकावरचा मर्हून पास बघता बघता
तीन वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडं बघून हसला.
मीही हसलो.

जरगुलचं समजू शकतो.
त्याच्या गावात एका वरातीवर आभाळातून काही पडलं होतं,
तो त्याबद्दल बोलत नाही, फक्त विमान गेलं की
हातातलं काम खाली ठेवतो.
पण मला काय झालं होतं?
माझ्या पोरीची फी याच जहाजांच्या गंजावर भरली जाते.

म्हणे फायबरची होडी होती.
आत माणूसच नव्हता.
मागं चाळीस हॉर्सपॉवरचं इंजिन,
पालशेतला माझ्या मामाच्या होडीला आहे तसलंच,
सुरू होताना दोनदा खोकणारं.
आणि हे जहाज, ज्याला म्हणे
दोनशे मैलांवरचा पक्षी दिसतो,
त्याला हे खोकणं ऐकू आलं नाही.

सातवीत हळबे मास्तर विचारायचे,
टीप लिहा : गनिमी कावा. गुण चार.
थोडी माणसं, अडचणीची जागा,
अचानक घाला, अंधारात पसार.
मला चारपैकी चार.
गनीम म्हणजे शत्रू, हे मास्तरांनीच सांगितलं.
म्हणजे आपल्या लढाईचं नाव समोरच्यानं ठेवलेलं
आणि आपण ते फेट्यात खोचून मिरवलं.
तेव्हा वर्गात कुणी विचारलं नाही,
छावणीत त्या रात्री कोण कोण झोपलं होतं.

तिसऱ्या दिवशी आत शिरलो, मागचा पत्रा कापायला.
ती झोपायची खोली होती.
एका कप्प्यात बूट, एकाचीच नाडी बांधलेली.
मी टॉर्च विझवला, परत लावला.

बाहेर आलो तर भोकाशी एक पोरगी उभी,
गणवेशात, विशीची असेल नसेल,
छातीवरच्या पट्टीवर नाव : डेलगाडो.
तिनं कडेवर तळवा ठेवला होता,
म्हशीच्या पाठीवर ठेवतात तसा.
मी म्हटलं, हात कापेल.
तिला कळलं नाही, किंवा कळलं.
मग काय करावं सुचेना म्हणून
मोफिजुलच्या थर्मासातला चहा दिला.
ती एक घोट प्यायली, तोंड वाकडं करून म्हणाली,
फार गोड आहे.

मोफिजुल खाली बघत राहिला.

अकरा दिवस लागले.
पाच थर वेल्डिंग, प्रत्येक थर घासून,
एक्स-रेमध्ये कुठं बुडबुडा नाही.
त्या जागी आता जहाज आधीपेक्षा जाड आहे.
त्यांच्या इंजिनिअरनं अंगठा वर केला.
बाराव्या दिवशी गोदीत पाणी सोडलं
आणि ते तरंगलं, जणू काही झालंच नव्हतं.
हिद्द म्हणजे अरबीत हद्द, मर्हून सांगतो.
आपलाच शब्द. तो कुणाची ते सांगत नाही.

रात्री मामाचा फोन.
जुनं इंजिन दमलंय, म्हणाला,
"तकडं सस्तात मिलतंय काय रं एकादं?"
मिळतं.
बाजारात दुकानाबाहेर रांगेनं उभी असतात, पांढरी, नवी,
दोरी ओढायची वाट बघत.
मी म्हटलं, बघतो.
आणि बराच वेळ फोन ठेवला नाही,
त्याच्या मागं समुद्राचा आवाज येत होता,
इथल्यासारखाच.